लंगडं टोक

मी एक जुना बाक आहे. लांब, लाकडी, पाठ नसलेला. सध्या मी कॉलेजच्या जिन्याखाली, एका तडकलेल्या फळ्याच्या आणि गळक्या पिंपाच्या शेजारी भिंतीला टेकून उभा आहे. टेकून अशासाठी की माझ्या दोन रुंद पायांपैकी एकच आता माझ्यापाशी उरला आहे. दुसरा कसा गेला, ते तुम्हाला सांगावं म्हणून आज तोंड उघडतो आहे. मित्रांनो, जन्मभर मी गप्प बसलो. बाकाने दुसरं करायचं तरी काय? पण सहन करण्यालाही काही मर्यादा असते की नाही!

मी जन्माने बाक नव्हे. आधी मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या टेबलाची फळी होतो. तुमच्या आईवडिलांच्या वयाच्या मुलांनी माझ्यावर काय काय सांडलं, ते विचारूच नका. आम्लाचे डाग, जांभळे डाग, बर्नरचे चटके, सगळं मी सोसलं. कुणी परीक्षानळी फोडायचं आणि तेव्हाच्या बाई आल्या की माझ्याकडे बोट दाखवायचं: "टेबल हललं, बाई." मी कधी हललो नव्हतो. पण त्या सोसण्याचा एक फायदा झाला. लोक पुस्तकातून रसायन शिकतात, मी ते अंगावर घेऊन शिकलो. कशावर काय टाकलं की फसफसतं आणि कशावर काय टाकलं तरी ढिम्म काही होत नाही, हे मला पाठ आहे.

पुढे प्रयोगशाळेत दगडी ओटे आले आणि मला बाहेर काढलं. एका म्हाताऱ्या सुताराने मला रंधा मारला, दोन पाय लावले आणि माझा बाक केला. डाग काही गेले नाहीत. त्याने माझ्यावरून तळवा फिरवला आणि म्हणाला, "हे लाकूड नाही, लोखंड आहे. माझी नातवंडं कॉलेजात येतील, तीही यावरच बसतील." इतकं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही. म्हणून ते वाक्य मी जपून ठेवलं आहे.

मला प्रयोगशाळेच्या दाराबाहेर, लांब व्हरांड्यात ठेवलं. सुरुवातीची वर्षं मानाची होती. शिपाई रोज ओल्या फडक्याने पुसायचा. प्राचार्यांना भेटायला आलेले पालक माझ्यावर अदबीने बसायचे. मग एका कार्यक्रमाच्या वेळी एक दांडगा मुलगा पताका लावायला माझ्यावर चढला, उड्या मारल्या, आणि दाराकडचा पाय निखळला. तोवर तो सुतार राहिला नव्हता. ज्याला हातोडी सापडली, त्याने तो पाय मूळ जागेवर न ठोकता हातभर आत सरकवून ठोकून दिला. काम भागलं. तेव्हापासून माझं दाराकडचं टोक अधांतरी झालं. त्या टोकाला एकटंच कुणी बसलं, तर दुसरी बाजू उचलली जायची. माझ्या पलीकडच्या बाजूला कुणीतरी बसलेलं असलं, की सगळं ठीक.

कुणी नीट करील, असं मला वाटायचं. पण मोडकं चालतं आहे म्हटल्यावर दुरुस्त कोण करतो? उलट पोरांनी त्या लंगड्या टोकाचा खेळ केला. त्या खेळाने माझं डोकं पिकवलं आहे.

खेळाचं नाव 'सरक'. रसायनाचा पेपर सुटला, की पोरं धावत येऊन माझ्यावर ओळीने बसतात. भिंतीकडचं टोक म्हणजे अ श्रेणी, लंगडं टोक म्हणजे नापास. मग उत्तरं जुळवायची. ज्याचं जुळलं नाही, त्याने एक जागा दाराकडे सरकायचं आणि पलीकडच्याने त्याच्या जागी यायचं. शेवटी जो जिथे बसला असेल, तो त्याचा निकाल. उत्तरपत्रिका अजून गठ्ठ्यात बांधल्यासुद्धा नाहीत आणि इकडे निकाल जाहीर! बाजारात तुरी म्हणतात, त्यातला प्रकार. बरं, प्रश्नपत्रिका वर्गातच परत घेतात, त्यामुळे समोर कागद नाही, पुस्तक नाही. मग खरं उत्तर ठरतं कसं? चौघांचं जे आलं ते खरं. आणि चौघांचं वेगवेगळं आलं, तर ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं. असा कारभार मी वर्षानुवर्षं पाठीवर वागवला आहे. कपाळाला हात लावावा, तर मला हातही नाहीत आणि कपाळही नाही.

आता त्या दिवसाकडे येतो. खरं तर आदल्या दुपारपासून सांगायला हवं. त्या दुपारी रसायनाच्या बाई आणि गणिताचे सर माझ्यावर बसून चहा पीत होते.

"मागच्या परीक्षेत एका अख्ख्या ओळीचं उत्तर एकच," बाई म्हणाल्या, "आणि तेही चुकीचं. सर्दीसारखी पसरली हो ती चूक!"

"मग यंदा काय करताय?"

"दोन संच काढलेत. एका ओळीला एक, शेजारच्या ओळीला दुसरा. प्रश्न तेच, फक्त आकडे बदललेत."

"मुलांना सांगितलंत?"

"छे! सांगितलं तर आपल्या संचाचा शेजारी शोधत बसतील. निकाल लागेपर्यंत ब्र काढू नका हं कुणाजवळ."

सरांनी मान डोलावली. माझ्याकडून वचन घेण्याची गरज त्यांना वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर झाला आणि नेहमीची पाचजणांची तुकडी येऊन थडकली. हजेरीत यांचे क्रमांक पाठोपाठचे, म्हणून प्रयोगाला ही पाचजणं एकत्र असतात, आणि म्हणूनच त्यांची मैत्री. भिंतीशी बसला पंडित. हे त्याचं टोपणनाव. त्याला एखादी गोष्ट येत असली तरी तो ठासून बोलतो आणि येत नसली तर जास्त ठासून. त्याच्या शेजारी टक्का. ही मुलगी सगळ्यांच्या गुणांची बेरीज तोंडी करते आणि न विचारता सांगते. मग शेपटी. तिच्यापुढे दोघं चुलत भाऊ, थोरला आणि धाकटा. त्यांचं आपसात कशावरूनही भांडण होतं, पण पंडित काही बोलला की दोघंही हो म्हणतात.

शेपटीला शेपटी म्हणायचे, कारण तुकडीत तिचा क्रमांक शेवटचा. आणि इथेच मेख होती, मित्रांनो. परीक्षेच्या वर्गात पहिल्या चौघांनी एक ओळ संपवली होती. शेपटीचा नंबर, सकाळी ती टक्काला सांगत होती त्याप्रमाणे, आला होता शेजारच्या ओळीत, पहिल्याच जागेवर. चौघांचा संच एक, हिचा दुसरा. संचांचं मला ठाऊक होतं, बाईंना ठाऊक होतं. या पाचांना मात्र गंधवार्ता नव्हती.

"पहिला संगमरवराचा," पंडित म्हणाला. "आम्ल टाकल्यावर वायू किती लिटर?"

"दोन पूर्णांक चोवीस," टक्का म्हणाली.

"दोन पूर्णांक चोवीस," थोरला म्हणाला.

"सेम," धाकटा म्हणाला.

शेपटीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मला पाच पूर्णांक सहा आलंय."

"पाच पूर्णांक सहा? ते कुठून काढलंस?"

"पंचवीस ग्रॅम संगमरवर होता ना?"

"दहा!" चौघंही एकदम ओरडले.

"मला पंचवीस वाचल्यासारखं..."

"वाचल्यासारखं?" पंडितने डोक्यावर हात मारला. "अगं, उत्तर चुकलं तर समजू शकतो. प्रश्न तरी नीट वाचायचास! चल, सरक."

मला ओरडावंसं वाटलं. अरे शहाण्यांनो, पंचवीस ग्रॅमला पाच पूर्णांक सहाच येतं! ती म्हणते पंचवीस, तुम्ही म्हणता दहा, तर एवढा फरक कसा पडला, असं एकालाही विचारावंसं वाटू नये? पण नाही. चौघं एका बाजूला आहेत ना, मग विचार कशाला करायचा! शेपटी उठून थोरल्याच्या जागी बसली आणि थोरला वर सरकला.

"दुसरा. त्या आम्लाचा पीएच?"

"दोन." "दोन." "दोन."

"तीन," शेपटी म्हणाली. या वेळी तिने प्रश्नात काय होतं, ते सांगितलंसुद्धा नाही. मगाशी चारजणांनी तिला खोटं पाडलं होतं. आता तिचा स्वतःच्या डोळ्यांवरच विश्वास उरला नव्हता. ती निमूट धाकट्याच्या जागी गेली, म्हणजे माझ्या लंगड्या टोकावर. आणखी दोन गणितं झाली. दोन्ही वेळा तेच. सरकायला जागा नव्हती म्हणून ती नुसती कडेला गेली.

मग आला तांब्याच्या तारेचा प्रश्न. त्यात आकडे नव्हते, त्यामुळे तो दोन्ही संचांत अगदी सारखाच होता. तांब्याच्या तारेवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं, तर काय होईल?

"हायड्रोजन निघेल," पंडित म्हणाला. बाकीच्या तिघांनी माना हलवल्या. त्यांनीही तेच लिहिलं होतं.

"मी लिहिलंय, काहीच होत नाही," शेपटी म्हणाली.

यावर जे हसणं झालं, ते व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलं असेल. "पाच मार्कांचा प्रश्न," टक्का डोळे पुसत म्हणाली, "आणि काहीच होत नाही?"

अहो, नाहीच होत! मी टेबल असताना पोरांनी माझ्यावर कितीदा तशी तार त्या आम्लात बुडवून ठेवली. एक बुडबुडा येईल तर शपथ. या कार्ट्यांनीही ते याच प्रयोगशाळेत पाहिलं होतं, पण बघताना गप्पा मारल्या असतील, दुसरं काय! मी पुरता वैतागलो होतो. वरातीमागून घोडं नाचवायचं, तेही उलट्या दिशेने!

टक्काने बोटांवर बेरीज केली. पंडितला अ, तिला स्वतःला अ, भावांना ब. मग ती शेपटीकडे वळली आणि मायेने म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नकोस हं. पण मी सगळीकडून करून बघितलं. तू पास नाही होत."

शेपटीने फोन काढला. तिच्या घरचं मला माहीत होतं, कारण सकाळी पेपरच्या आधी ती टक्काला तेच सांगत होती. मागच्या दोन्ही चाचण्यांत ती रसायनात नापास झाली होती. मामांनी घरी सांगून टाकलं होतं, की हिला विज्ञान झेपणार नाही, मावशीच्या शिवणाच्या दुकानात बसवा. तिची ताई औषधांच्या दुकानात काम करते. ती मामांसमोर उभी राहिली होती. शेवटी असं ठरलं, की या परीक्षेत रसायन सुटलं तर पुढचं वर्ष, नाहीतर शिवणयंत्र. शेपटीने गेले दोन महिने मान वर केली नव्हती.

"ताई, मला न्यायला ये," ती फोनवर म्हणाली. "नाही, दुपारचा पेपर नाही देत... काय उपयोग? सगळं चुकलंय गं. सगळ्यांचं एक येतं आणि माझं एकटीचंच वेगळं... नाही, तू ये. मामांना सांग, मी जाते मावशीकडे."

दुपारी भौतिकशास्त्राचा पेपर होता. एका पेपरला गैरहजर राहिलं, तर सगळी परीक्षा बाद, हा कॉलेजचा नियम. म्हणजे चांगला लिहिलेला पेपर ही मुलगी स्वतःच्या हाताने रद्द करायला निघाली होती. मला सगळं माहीत होतं आणि मला तोंड नव्हतं. एवढी चीड मला जन्मात आली नव्हती. चीड पंडितची, टक्काची, बेरजांची, बाईंच्या त्या गुपिताची, आणि एका वाक्यात मिटलं असतं ते वाक्य बोलता न येणाऱ्या माझ्या जातीची.

"चल गं, असं काय करतेस?" टक्का म्हणाली. "आधी डबा खाऊ. मग ठरव."

"तुम्ही जा," शेपटी म्हणाली.

"चला रे," पंडित म्हणाला. आणि चौघंही एकदम उठले.

आता नीट ऐका. असं पूर्वीही झालेलं आहे. लंगड्या टोकाला कुणीतरी बसलेलं असताना बाकीचे बेसावधपणे उठायचे. तेव्हा मी जीव एकवटून भिंतीकडचा पाय फरशीत रोवून धरायचो, टोकावरच्याला सावरायला क्षणभर वेळ द्यायचो. त्या दिवशी मात्र मी म्हटलं, पुरे झालं. तोंड नाही, तर दाराआडच्या बाईंना ऐकू जाईल असा आवाज तरी करतो. आणि पाय सोडून दिला.

भिंतीकडची बाजू वर गेली. शेपटी, तिची बॅग आणि तिचा डबा फरशीवर. हातभर आत ठोकलेला तो पाय खिळ्यांसकट कडाडून मोडला. आवाज इतका मोठा झाला, की प्रयोगशाळेचं दार उघडून बाई धावत बाहेर आल्या.

"काय पाडलंत आता?"

"बाई, बाक उलटला," धाकटा म्हणाला.

"आपोआप?" बाईंनी शेपटीला हात दिला. "लागलं का गं?"

"नाही, बाई," शेपटी म्हणाली आणि धाय मोकलून रडायला लागली.

"लागलं नाही, तर रडतेस कशाला?"

"बाई, माझं पाच पूर्णांक सहा आलंय!"

"मग?"

"या सगळ्यांचं दोन पूर्णांक चोवीस आलंय. मी पेपर देत नाही दुपारचा. ताई येतेय न्यायला."

बाईंनी चौघांकडे पाहिलं, पडलेल्या माझ्याकडे पाहिलं. हा 'सरक'चा खेळ त्यांनाही ठाऊक होता. त्यांच्या विद्यार्थिदशेत त्याही माझ्यावर सरकल्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला.

"तू कुठल्या ओळीत होतीस?"

"खिडकीकडच्या. पहिलीच."

"मग तुझं पाच पूर्णांक सहाच यायला हवं."

टक्काने घाईने पुन्हा बोटं मोजायला घेतली.

"मग आमचं चुकलं?" पंडितचा आवाज प्रथमच बारीक झाला होता.

"तुमचं दोन पूर्णांक चोवीस बरोबर. संच वेगळे होते. ओळीप्रमाणे आकडे बदलले होते मी. काय गं, हिने सांगितलं नाही का प्रश्नात काय होतं ते?"

टक्का म्हणाली, "सांगितलं होतं, बाई. आम्ही म्हटलं, हिने वाचताना चूक केली."

"बाई," थोरल्याला राहवेना, "ते तांब्याच्या तारेचं?"

"त्याचं काय? तो सगळ्यांना एकच होता. काही होत नाही."

"हायड्रोजन?"

"कुठला हायड्रोजन? लिहिलात की काय?" बाईंनी चौघांचे चेहरे पाहिले आणि कपाळाला हात लावला. माझ्या वाटचाही लावला, असं मी समजतो.

मग त्या शेपटीशी खाली फरशीवरच बसल्या. "चूक माझीही आहे. निदान पेपर सुटल्यावर तरी सांगायला हवं होतं. तोंड धू, डबा खा आणि दुपारी पेपरला वेळेवर बस. निकाल मी लावते, हे लावत नाहीत."

घंटा झाली, पोरं आत गेली. थोड्या वेळाने एक मुलगी धापा टाकत व्हरांड्यात आली. औषधांच्या दुकानाचा निळा एप्रन तसाच अंगावर, केस विस्कटलेले. तिने बाईंना गाठलं. "माझी बहीण कुठे आहे? फोन उचलत नाही ती."

"पेपरला बसलीय," बाई म्हणाल्या.

"बसली?" ताईने दोनदा विचारलं. मग ती माझ्या भिंतीकडच्या टोकावर, एका पायावर कललेल्या माझ्यावर, कशीबशी टेकली आणि चेहरा एप्रनमध्ये लपवून रडली. मी हललो नाही. माझ्यावर बसलेलं ते शेवटचं माणूस.

संध्याकाळी प्राचार्यांनी मला पाहिलं आणि म्हणाले, "मोडका बाक इथे ठेवलाच कशाला? एखाद्याचं हाड मोडेल." म्हणजे खेळ पोरांचा, गुपित बाईंचं आणि हद्दपारी माझी! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच. मी जिन्याखाली आलो. व्हरांड्यात आता लोखंडी खुर्च्या आहेत, जमिनीत घट्ट बसवलेल्या, मध्ये दांडे असलेल्या. त्यांच्यावरून सरकता येत नाही.

निकालाचं विचाराल, तर टक्काचं एकही भाकीत खरं ठरलं नाही. चौघांचेही पाच गुण हायड्रोजनबरोबर उडून गेले. शेपटीला ब मिळाला. अ नाही, ब. पण मामा गप्प झाले आणि शिवणयंत्र मावशीकडेच राहिलं.

आणि पोरं सुधारली, असं वाटतं तुम्हाला? पालथ्या घड्यावर पाणी! आता ती या जिन्यावर बसतात, अगदी माझ्या डोक्यावर. परवाच गणिताचा पेपर झाला. वर नेहमीचाच कलकलाट, कुणाचं बारा, कुणाचं अठरा, आणि एक नवी मुलगी रडवेली होऊन म्हणते, माझं काहीतरी भलतंच आलंय. मी दात-ओठ खाणार होतो, तेवढ्यात शेपटीचा आवाज आला. "थांबा रे. तिला आधी प्रश्न काय होता ते सांगू दे." आणि पंडित चक्क गप्प बसला.

मित्रांनो, माझी मागणी फार नाही. एखादा सुतार बोलवा आणि माझा पाय मूळ जागेवर, अगदी कडेला ठोकून द्या. लाकूड अजून लोखंड आहे. तेवढं जमलं नाही तरी चालेल. तुम्ही उत्तरं जुळवल्याशिवाय राहणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. जुळवा बापडे. पण जुळवून झालं की उठताना एकदा बाजूला बघा. टोकाला कुणी बसलेलं असेल, तर सगळे एकदम उठू नका.